चर्यांचा नट आणि हरवलेला पाना

चेतकच्या पिढीतल्या गिअरच्या स्कूटरचा क्लच उतरवायची वेळ आली की जुना मेकॅनिक पेटीच्या तळातून एक वेगळाच पाना काढतो. त्याला जबडा नसतो, षटकोनी भोकही नसते. एका जाड पोलादी नळकांड्याच्या तोंडावर दात कोरलेले असतात, बस. क्लचच्या मधोमध जो गोल नट असतो त्याच्या कडेला खाचा असतात आणि हे दात त्या खाचांत नेमके बसतात. हा पाना नसेल, तर नवशिका स्क्रूड्रायव्हरचे टोक खाचेत टेकवतो आणि मागून हातोडी मारतो. नट कधी सुटतो, कधी सुटत नाही. खाचेची कड मात्र प्रत्येक वेळी झिजते.

हेच कोडे जुन्या लष्करी रायफलीच्या नळीच्या टोकाशीही आहे. १९५७ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या एम-१४ रायफलीच्या तोंडावर ज्वाला दबवणारे खाचांचे नळकांडे असते. त्याला फ्लॅश सप्रेसर म्हणतात. हे नळकांडे ज्या नटाने नळीवर पक्के होते, तो असाच गोल आणि खाचांचा असतो. गॅरेजमधला कोणताही रिंग पाना, बॉक्स पाना किंवा स्क्रू पाना त्याला धरू शकत नाही, कारण धरायला सपाट बाजूच नाही. अशा नटाला कोणता पाना लागतो, हे पानेवाल्याच्या दुकानातल्या यादीत सापडत नाही. त्याचे उत्तर नटावरच कोरलेले असते, फक्त ते वाचता यावे लागते.

नळीच्या तोंडाशी काय बसते

दारू जळते तेव्हा तिच्यात स्वतःचा पुरेसा ऑक्सिजन नसतो. त्यामुळे गोळीमागून बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन शिल्लक असतात. बाहेरच्या हवेशी गाठ पडताच हे तापलेले वायू पेटतात आणि नळीच्या तोंडाशी मोठा जाळ दिसतो. रात्री या जाळाने सर्वांत आधी दिपतात ते स्वतः गोळी झाडणाऱ्याचेच डोळे. फ्लॅश सप्रेसरच्या खाचा वायूचा झोत फोडतात, त्यात थंड हवा लवकर मिसळते आणि पेटण्याआधीच तो निवतो. ब्रिटिशांच्या क्रमांक ५ ली-एनफिल्ड कार्बाइनवर खाचांऐवजी शंकूच्या आकाराचा भोंगा होता.

मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर यांचे काम वेगळे. ते वायूची दिशा वळवतात आणि त्या वळणाच्या धक्क्याचा उपयोग करून घेतात. नळाच्या जोरदार धारेखाली पळी तिरकी धरली की हात ढकलला जातो, तसेच इथे घडते. ब्रेकमुळे रायफलीची मागे बसणारी लाथ कमी होते, कॉम्पेन्सेटरमुळे नळीचे वर उसळणे कमी होते. तिघांचेही काम वेगळे असले तरी ते नळीवर बसवण्याचे प्रश्न सारखेच आहेत: आटे कोणते, नट कसा, आणि त्याला फिरवणारे अवजार कोणते.

रायफल उरते, पाना हरवतो

एम-१४ च्या सुमारे १३.८ लाख प्रती बनल्या. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागाराखेरीज विंचेस्टर, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आणि टीआरडब्ल्यू या तीन खासगी कंपन्यांनी त्या बनवल्या. सैनिकाला आपली रायफल रोज उघडून पुसायची असते, पण तोंडावरचे नळकांडे त्याने काढायचे नसते. ते काम तुकडीच्या आर्मररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे. त्यामुळे रायफली शेकड्यांनी आणि त्या नटाचा पाना आर्मररच्या पेटीत एखादाच, असे प्रमाण पडते. रायफल सेवेतून निघाली की ती संग्रहालयात, गोदामात किंवा संग्राहकाकडे जाते. पेटीतला पाना कशासाठी होता हे सांगणारे कोणी उरत नाही आणि तो भंगारात जातो. घरातली गोदरेजची कपाटे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात आणि किल्ल्या हरवतात, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेत या पान्याचा शोध पुन्हा सुरू होण्याला कायद्याचेही कारण घडले. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत तिथल्या केंद्रीय कायद्याने काही अर्धस्वयंचलित रायफलींच्या फ्लॅश सप्रेसरवर आणि आटे असलेल्या नळीवर निर्बंध घातले होते. एम-१४ ची नागरी आवृत्ती असलेल्या एम-१ए वर त्या काळात सप्रेसरऐवजी मझल ब्रेक बसवून दिला जाई. मुदत संपल्यावर अनेक मालकांना मूळ रूप परत आणावेसे वाटले. काही राज्यांत निर्बंध कायम राहिल्याने तिथल्या मालकांना उलट बदल करावा लागला. काढायचे असो वा घालायचे, मध्ये उभा होता तो खाचांचा नट.

चर्यांचा नट

या नटाला इंग्रजी कारखान्यांत किल्ल्याचे नाव मिळाले. भारतातल्या गॅरेजमध्येही तो कॅसल नट म्हणूनच ओळखला जातो. किल्ल्याच्या तटावर एक आड एक उंचवटा आणि खाच असलेल्या चर्या असतात, तशी या नटाची कड दिसते. एम-१४ मध्ये त्याची रचना अशी आहे: नळीच्या टोकावर लांबीच्या दिशेने बारीक उभ्या खाचा कोरलेल्या असतात. सप्रेसरच्या आतही त्यांना जुळणाऱ्या खाचा असतात. त्यामुळे सप्रेसर नळीवर सरळ सरकतो पण गोल फिरू शकत नाही. नंतर कॅसल नट आट्यांवर फिरवून त्याला जागी दाबतो, आणि हा नट ढिला होऊ नये म्हणून एक छोटा सेटस्क्रू त्याला अडवतो.

ही मांडणी उगाच किचकट केलेली नाही. एम-१४ ची पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा काटा, थेट सप्रेसरवरच बसवलेली आहे. संगीन अडकवायचा खुंटही त्यावरच आहे. सप्रेसर साध्या आट्यांवर फिरवून बसवला असता तर माशी कधी डावीकडे कलली असती, कधी उजवीकडे. खाचांमुळे ती नेहमी उभी राहते आणि नट फक्त दाब देतो. याचा दुसरा अर्थ असा, की नट सैल असेल तर माशी हलते आणि माशी हलली की नेम चुकतो. स्कूटरचा क्लच नट सैल झाला तर आवाज तरी येतो. इथे कोणताच इशारा नसतो, गोळ्या फक्त इकडेतिकडे जाऊ लागतात.

आता पाना. षटकोनी नटाला पाना बाजूंनी कवळतो, कॅसल नटाला तो दातांनी धरतो. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने नट का बिघडतो हे समजायला बरणीचे झाकण पुरते. घट्ट झाकण एका बोटाने एका बाजूला ढकलले तर ते फिरत नाही, तिरपे होऊन आणखी अडकते. दोन्ही बाजूंना बोटे टेकवून उलट दिशांनी जोर दिला की ते सहज फिरते. कॅसल नटालाही समोरासमोरच्या खाचांत दात हवेत. एका खाचेवर मारलेला घाव नटाला फिरवण्याऐवजी नळीच्या एका अंगाला दाबतो. आटे एका बाजूला घासतात आणि खाचेची कड वाकते.

म्हणून योग्य पान्याच्या तीन कसोट्या ठरतात. पहिली, दातांची संख्या आणि त्यांमधले अंतर नटाच्या खाचांशी जुळले पाहिजे. सगळ्या खाचांत दात हवेतच असे नाही, पण जितके दात आहेत ते समोरासमोर यावेत. दुसरी, दाताची रुंदी खाचेत जवळजवळ गच्च बसणारी हवी. दोन केसांचे अंतर राहिले तर जोर दाताच्या टोकावर एकवटतो आणि खाचेची कड तुटते. तिसरी कसोटी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पान्याला नळीवर टेकायला आधार हवा. नळीभोवती नीट बसणारे कडे पान्याला असेल तर ते दातांना खाचेतून बाहेर सरकू देत नाही. नुसते दात असलेला पाना हातात थोडा कलला की घसरतो आणि नळीवर ओरखडा उठतो. जुन्या रायफलीच्या काळपट नळीवरचा असा चकचकीत ओरखडा लांबूनही दिसतो.

बाजारात या कामाची दोन अवजारे दिसतात. एक दात कोरलेला पाना आणि दुसरे वाकड्या जबड्यांची पक्कड, जिच्या आतल्या कडेला दात असतात. कामाची दोन्हीही आहेत. पक्कड लवकर बसते पण हाताची पकड सुटली की दातही सुटतो. पाना लावायला वेळ घेतो, पण एकदा बसला की हलत नाही. रायफल जपायची असेल तर पाना बरा.

कोणतेही अवजार लावण्याआधी सेटस्क्रू सैल करायला हवा. तो इतका लहान असतो आणि काजळीने असा झाकलेला असतो की दिसतच नाही. तो न काढता नट पिळला तर पान्याचे दात तरी तुटतात, नाहीतर नटाच्या खाचा तरी. ‘पाना चुकीचा आहे’ अशी तक्रार पुष्कळदा मुळात या न दिसलेल्या स्क्रूची असते.

आट्यांचे मोजमाप

नट फिरवता आला तरी प्रश्न संपत नाही. नवे नळकांडे घ्यायचे तर त्याचे आटे नळीच्या आट्यांशी जुळायला हवेत. आट्यांची ओळख दोन मापांनी पटते: बाहेरचा व्यास आणि एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर. व्यास व्हर्निअरने मोजतात. अंतरासाठी कंगव्यासारखे दाते असलेल्या पात्यांचा संच असतो, ज्याला पिच गेज म्हणतात. ज्या पात्याचे दाते आट्यांत उजेड न दिसता बसतील, ते पाते बरोबर. मीटर पद्धतीत आटे मिलिमीटरमध्ये सांगतात, इंच पद्धतीत इंचाला किती आटे हे सांगतात.

चौकट: रायफलींच्या तोंडाचे काही आटे
१४ × १ डावे: व्यास १४ मिमी, अंतर १ मिमी. एकेएम आणि तिच्या कुळातल्या रायफली.
९/१६ इंच, २४ आटे, डावे: व्यास १४.२९ मिमी, अंतर १.०६ मिमी. एफएएल कुळातल्या अनेक रायफली.
१५ × १ उजवे: व्यास १५ मिमी. जर्मन जी-३.
१/२ इंच, २८ आटे, उजवे: व्यास १२.७ मिमी, अंतर ०.९१ मिमी. एम-१६.
०.५९५ इंच, ३२ आटे: व्यास १५.११ मिमी, अंतर ०.७९ मिमी. एम-१४.
२४ × १.५ उजवे: एके-७४. हे आटे पुढच्या माशीच्या ठोकळ्यावर असतात.

या चौकटीतल्या पहिल्या दोन ओळी सर्वांत फसव्या आहेत. १४ आणि १४.२९ मिलिमीटर यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही आणि दोन्ही आटे डावेच आहेत. एफएएलच्या नळ्यांवर देशानुसार आणि काळानुसार हे दोन्ही आटे सापडतात. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली आणि भारतीय जवानांना ‘एसएलआर’ म्हणून परिचित असलेली १ए१ रायफल याच कुळातली. ९/१६ इंचाचे नळकांडे १४ मिलिमीटरच्या नळीवर पहिल्या दोन-तीन आट्यांपर्यंत छान फिरते, आणि हेच छान फिरणे गोत्यात आणते. प्रत्येक आट्याला ०.०६ मिलिमीटरची चूक साठत जाते. दहा आट्यांनंतर ती अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे अर्ध्या आट्याहून अधिक. हाताला जड लागले की माणूस पाना लावतो आणि मग आटे मोडतात. नवे नळकांडे नेहमी आधी बोटांनी, शेवटपर्यंत, अडखळण न होता फिरले पाहिजे. पान्याचे काम केवळ शेवटच्या आवळण्यापुरते.

आटे सगळीकडे सारखे असावेत ही कल्पना तशी नवीच. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि ५५ अंश कोनाचे आटे सुचवले. ब्रिटनमध्ये ते रूढ झाले. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी ६० अंशांचे आटे मांडले. आटे न जुळल्याचा फटका किती मोठा असतो हे फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या आगीत दिसले. शेजारच्या शहरांतून बंब मदतीला आले, पण त्यांच्या होसपाइपांची टोके बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सुटे भाग एकमेकांना लागेनात, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या समान आट्यांवर सही केली.

व्हिटवर्थ स्वतः रायफलींचाही माणूस होता. त्याने षटकोनी पोकळीची नळी असलेली रायफल बनवली. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी मेळाव्याचे उद्घाटन करताना व्हिक्टोरिया राणीने तीच झाडली होती. रायफल चौकटीवर घट्ट बसवलेली होती आणि राणीने फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्याजवळ गोळी लागली.

व्हिटवर्थने आणखी एक वारसा ठेवला आहे, तो पान्यांचा. जुन्या ब्रिटिश यंत्रांवर काम करणाऱ्याला तो हमखास चकवतो. आजच्या पान्यावरचा आकडा जबड्याची रुंदी सांगतो. १९ चा पाना म्हणजे १९ मिलिमीटरचा जबडा. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा मात्र बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ लिहिलेला पाना पाव इंचाच्या बोल्टसाठी असतो आणि त्याचा जबडा प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटर असतो. तिथे १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल पडतो. ५/१६ चा जबडा १५.२ मिलिमीटर, म्हणजे १५ बसत नाही आणि १६ घसरतो. सैल पान्यात नटाची बाजू जबड्याला पूर्ण टेकत नाही, सगळा जोर कोपऱ्यावर येतो आणि चार-सहा वेळांत षटकोनी नट गोल होतो. उलट एम-१६ च्या सप्रेसरवरच्या सपाट बाजू ३/४ इंचाच्या, म्हणजे १९.०५ मिलिमीटरच्या आहेत. तिथे १९ चा पाना चालून जातो. जुन्या बाजारातल्या ढिगात ‘१/४’, ‘५/१६’ असे कोरलेले पाने अजून सापडतात. विकणाऱ्याला त्यांची किंमत कळत नाही, जुन्या ब्रिटिश मोटारसायकलवाल्याला कळते.

उजवे आणि डावे

सायकलचे डावे पायडल उलटे फिरवून काढावे लागते हे प्रत्येक सायकलवाल्याला एकदा तरी चुकून कळलेले असते. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरचा नटही डाव्या आट्यांचा असतो आणि ते लक्षात राहावे म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर बारीक खाच पाडलेली असते. रायफलींच्या तोंडावर अशी खूण क्वचितच असते. एकेएम आणि एफएएल यांचे आटे डावे, एम-१६ आणि जी-३ यांचे उजवे. जो सोडवायच्या विचाराने आवळत बसतो, त्याला वाटते नट गंजला आहे. तो आणखी लांब दांड्याचा पाना आणतो आणि आटे उखडतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. आटे दिसत असतील तर नळी उभी धरावी. समोरचे आटे उजवीकडे चढत असतील तर उजवे, डावीकडे चढत असतील तर डावे. नळी उलटी धरली तरी उत्तर बदलत नाही. आटे झाकलेले असतील तर जोर लावण्याआधी त्या रायफलीची तांत्रिक पुस्तिका पाहणे भाग आहे.

जिथे पाना लागतच नाही

१९५९ मध्ये सोव्हिएत सैन्यात आलेल्या एकेएमने हा सगळा प्रश्न एका स्प्रिंगवर सोडवला. तिच्या तोंडावर तिरका कापलेला छोटा कॉम्पेन्सेटर असतो. पुढच्या माशीच्या ठोकळ्यातून एक स्प्रिंगवाली खिट्टी बाहेर डोकावते आणि कॉम्पेन्सेटरच्या खाचेत अडकते. खिट्टी आत दाबायची आणि कॉम्पेन्सेटर हाताने फिरवून काढायचा, झाले. खिट्टी फक्त ठरलेल्या खाचेतच बसते, त्यामुळे तिरका काप नेहमी एकाच दिशेला राहतो. ही दिशाही विचारपूर्वक निवडलेली आहे. उजव्या खांद्यावरून झाडताना नळी वर आणि उजवीकडे पळते, म्हणून कॉम्पेन्सेटरची पुढे आलेली ओठासारखी कड वायूचा मार घेते आणि नळीला खाली-डावीकडे दाबते. हे भाग सैनिकाने स्वतः काढायचे, असे रचनाकारांनी गृहीत धरले. एम-१४ च्या रचनाकारांनी ते आर्मररवर सोपवले. पाना लागतो की नाही हे त्या एका निर्णयावर ठरले.

ब्रिटिशांच्या १९४४ च्या क्रमांक ५ कार्बाइनने तिसरी वाट धरली. तिचा भोंगा आडव्या पिना ठोकून नळीवर कायमचा बसवलेला असतो. तिथे पाना शोधणेच चूक. लागतो तो योग्य जाडीचा पंच, आणि तोही सहसा लागू नये. या कार्बाइनच्या नावाखाली साध्या क्रमांक ४ रायफली कापून बनवलेल्या नकला पुष्कळ विकल्या गेल्या. त्यांच्यावरचा भोंगा बहुधा स्क्रूने आवळलेला असतो. म्हणजे भोंगा पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने सहज सुटत असेल, तर ती रायफलच मुळात खरी नसण्याची शंका घ्यावी.

कोन जुळवणे

खाचांच्या नळीवर किंवा खिट्टीवर बसणाऱ्या नळकांड्यांची दिशा आपोआप ठरते. साध्या आट्यांवर बसणाऱ्यांची ठरत नाही. १९६० च्या दशकात एम-१६ वर आधी तीन उघड्या बोटांचा सप्रेसर होता. तो झुडपांत अडकत असे आणि त्याच्या फटींतून पाणी नळीत शिरे. जवान त्याच्या बोटांत अडकवून रसदीच्या खोक्यांच्या तारा पिळून तोडत, असेही सांगितले जाते. नंतर टोक बंद असलेला पिंजऱ्यासारखा सप्रेसर आला. त्याच्या खाचा चहूबाजूंनी असल्यामुळे तो कसाही बसला तरी चाले. एम-१६ए२ मध्ये जमिनीची धूळ उडू नये म्हणून खालची बाजू बंद केली, आणि बंद बाजू नेमकी खाली येईल असे बसवणे आले.

याचा उपाय म्हणजे वॉशर. आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असेल तर पूर्ण फेऱ्यात नळकांडे १ मिलिमीटर पुढे सरकते, पाव फेऱ्यात पाव मिलिमीटर. म्हणजे वॉशरची जाडी पाव मिलिमीटरने बदलली की खाच नव्वद अंशांनी वळते. एक प्रकारचा वॉशर खारी बिस्किटासारखा पापुद्र्यांचा असतो. एकेक पापुद्रा सोलत गेले की जाडी हव्या त्या मापावर येते. दुसरा प्रकार पोकळ शंकूसारखा असतो, तो आवळताना दबत जातो. मोटारसायकलच्या ऑइल ड्रेन बोल्टचा वॉशर एकदा दबला की पुन्हा वापरत नाहीत, तसाच हाही एकदाच वापरायचा. दबणारा वॉशर लावून उलटे फिरवून कोन जुळवणे ही नेहमीची चूक. दाब सुटतो आणि नळकांडे थोड्याच गोळ्यांत ढिले होते.

धरायचे कुठे

भिंतीतल्या पाइपाला तोटी बसवताना चांगला प्लंबर दोन पाइप पाने घेतो. एकाने तोटी फिरवतो आणि दुसऱ्याने पाइप जागी धरतो, नाहीतर पीळ आत जाऊन भिंतीतला जोड सैल होतो. रायफलीतही हेच. मागचा रिसीव्हर किंवा लाकडी दस्ता धरून तोंडाशी जोर दिला तर सगळा पीळ लांब नळीतून जाऊन नळी आणि रिसीव्हरच्या जोडावर पडतो. धरायची ती नळीच, तोंडाच्या शक्य तितकी जवळ, वाइसच्या जबड्यांत पितळेचे किंवा लाकडाचे तुकडे घालून. त्याआधी, न चुकता, मॅगझिन काढून चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहायचे.

दशकांपूर्वी बसलेला नट हट्टी असतो. काजळीखेरीज त्याचे आणखी एक कारण म्हणजे जुन्या काडतुसांचे मीठ. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक काडतुसांच्या टोपणात असे रसायन असे की जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड मागे राही. हे साध्या मिठाचेच भावंड, आणि पावसाळ्यात कोकणातल्या घरची मिठाची बरणी जशी पाझरते तसे हेही हवेतला ओलावा ओढते. त्या ओलाव्याने आट्यांत गंज धरतो. तेल मिठाला विरघळवत नाही, पाणी विरघळवते, म्हणून जुने सैनिक आधी गरम पाणी ओतून नंतर तेल लावत. गंजलेल्या नटाला झिरपणारे तेल लावून एक-दोन दिवस थांबणे हे लांब दांड्याच्या पान्यापेक्षा जास्त कामाचे असते. ज्योतीने तापवणे मात्र धोक्याचे. पोलादाचा कणखरपणा जातो आणि डाख दिलेले भाग सुटतात.

भारतातील स्थिती

१९५९ च्या भारतीय शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भागही येतात. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर ही लष्करी काडतुसे वापरणाऱ्या रायफली निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. परवानाधारक नागरिकाला सामान्यतः .३१५ सारखी रायफल मिळते. त्यामुळे इथे हे ज्ञान मुख्यतः आर्मरर, सैनिकी संग्रहालये आणि जुन्या शस्त्रांचे जतन करणारे यांच्या उपयोगाचे. संग्रहालयातल्या निकामी केलेल्या रायफलीचेही तोंड गंजू देऊन चालत नाही, आणि ते साफ करायला पाना तोच लागतो.

पाना मिळालाच नाही तर

मग पाना बनवावा लागतो. लेथवरचा कुशल टर्नर हे काम एका दुपारी करतो, पण त्याला चार मापे अचूक द्यावी लागतात: नटाचा बाहेरचा व्यास, खाचेची रुंदी, खाचेची खोली आणि नळीचा व्यास. मापे घेण्याआधी खाचांतली काजळी टोकदार लाकडी काडीने काढावी, नाहीतर रुंदी कमी भरते. मापाची खात्री करण्याची जुनी रीत म्हणजे नटाच्या कडेवर शाई लावून कागदावर ठसा घेणे. खाचांमधली अंतरे ठशावर स्पष्ट उमटतात. चांगल्या पोलादाच्या जाड पाइपाच्या किंवा जुन्या बॉक्स पान्याच्या तोंडावर हॅक्सॉने आणि कानशीने दात काढता येतात. दात आधी किंचित रुंद ठेवून, नटावर बसवून पाहत थोडेथोडे घासत जायचे. जास्त घासलेला दात परत वाढत नाही. पान्याच्या आतला व्यास नळीवर बोटभर जागेत घट्ट सरकेल इतका ठेवला की तिसरी कसोटीही पुरी होते.

नळकांडे बसल्यावर शेवटची तपासणी असते ती सरळपणाची. आटे किंवा खाचा नळीच्या पोकळीशी बरोबर एका रेषेत नसतील तर गोळी नळकांड्याच्या कडेला घासते. नेमबाजीच्या स्पर्धांसाठीच्या एम-१४ च्या सप्रेसरची पोकळी तर याच कारणासाठी आतून थोडी रुंद केली जात असे. तपासण्यासाठी नळीत गच्च सरकणारी सरळ पोलादी कांडी मागून पुढे घालतात. कांडीभोवती नळकांड्याच्या भोकात चारी बाजूंना सारखी फट दिसली तर सगळे ठीक. एका बाजूची फट अरुंद दिसली तर नळकांडे उतरवून नट, वॉशर आणि आटे पुन्हा पाहायचे, आणि फट सारखी होईपर्यंत सेटस्क्रू आवळायचा नाही.